लग्नाचा दाखला लॅमिनेट करू नका

मी शहाडहून बोलतेय. म्हारळ, वरप, कांबा या बाजूच्या बचत गटांचं काम बघते, त्यामुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला आवाजावरूनच ओळखतील. नेहमी आपण कर्ज, हप्ता, पापड-मसाला यावर बोलतो. आज एका कागदाबद्दल बोलायचं आहे. आणि सुरुवातीलाच एक चूक कबूल करायची आहे, माझी.

गटाच्या बैठकीत मीच सगळ्यांना सांगत आले की, बायांनो, महत्त्वाचे कागद लॅमिनेट करून ठेवा, पावसात भिजत नाहीत, उंदीर कुरतडत नाही. बऱ्याच जणींनी केलेही. आमच्या एका काकूंनी तर मुलीच्या लग्नाचा दाखला दोन्ही बाजूंनी चकचकीत करून आणला आणि मला दाखवला. मी शाबासकी दिली.

या काकूंच्या मुलीचं सासर गोव्यात, पेडणे तालुक्यात. लग्न मात्र मुलीच्या गावी, मुरबाड रोडच्या एका खेड्यात झालं आणि नोंद तिथल्याच ग्रामपंचायतीत. जावयाचे वडील १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेले. म्हणजे पोर्तुगीज राज्य असतानाचे. अशा माणसांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगालच्या कायद्याने तिथलं नागरिकत्व मागता येतं. आधी जन्माची नोंद लिस्बनला करून घ्यावी लागते. गोव्यातल्या कितीतरी घरांनी ती करून घेतली आणि मुलं पुढे इंग्लंडला कामाला गेली. जावईही त्यातलाच. त्याचे कागद झाले, तो पोर्तुगीज नागरिक झाला.

राहिली आपली मुलगी. तिला नवऱ्याच्या नात्याने तिथला अर्ज करायचा, तर आधी त्यांचं लग्न पोर्तुगालच्या दप्तरात चढायला हवं. त्यासाठी दाखल्यावर अपोस्टिल हवं आणि पोर्तुगीज भाषेत भाषांतर हवं. २०२२ सालची ही गोष्ट. काकू दाखला घेऊन माझ्याकडे आल्या आणि आम्ही दोघी एजंटकडे गेलो. त्याने दाखला हातात घेतला, नखाने टकटक केलं आणि म्हणाला, ‘‘मॅडम, याच्यावर शिक्का कुठे मारायचा?’’

खरंच की. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही आणि प्लास्टिक ओढून काढावं तर अक्षरं निघून येतात. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी जमिनीकडे.

आता अपोस्टिल म्हणजे काय ते सांगते, कारण या शब्दाला बाया उगाच घाबरतात. आपल्या ग्रामसेवकाची सही परदेशातल्या साहेबाने कशी ओळखायची? त्यासाठी १९६१ साली नेदरलँड्समधल्या हेग शहरात देशादेशांत एक करार झाला. आपला देश त्यात २००५ साली आला. करारातल्या देशांसाठी आपलं परराष्ट्र मंत्रालय कागदावर एक खूण लावतं. तिचा अर्थ एवढाच की ही सही आणि हा शिक्का खऱ्या अधिकाऱ्याचा आहे. आतला मजकूर बरोबर आहे की चूक, हे ते बघत नाहीत. नाव चुकलेलं असेल तर चुकलेल्या नावालाच अपोस्टिल लागतं. हे नीट लक्षात ठेवा, याच्यावर पुढे यायचं आहे.

क्रम असा. आधी राज्य शासनाची पडताळणी, म्हणजे आपल्यासाठी मुंबईला मंत्रालय. मग परराष्ट्र मंत्रालय. कागद आपण थेट खिडकीवर द्यायचा नसतो, त्यांनी नेमलेल्या एजन्सीमार्फत जातो. सरकारी फी एका कागदाला ५० रुपये, वर एजन्सीचा सेवा आकार. आम्हाला त्या एजंटने बारा हजार सांगितले होते. कशाचे बारा हजार, विचारलं तर म्हणे, ‘‘धावपळीचे.’’ शहाडहून लोकलने मुंबईला जायला एवढे लागत नाहीत, हे मी त्याला सांगितलं आणि उठलो.

मग ग्रामपंचायत. लग्नाच्या वेळचे ग्रामसेवक बदलून गेलेले. पण नोंदवही जागेवर होती आणि नोंद तिच्यात होती, देवाची कृपा. त्यावरून नव्याने दाखला मिळतो, आताच्या अधिकाऱ्याच्या सहीचा. तो मिळाला. एक गोष्ट आम्ही शहाणपणाने केली, दोन प्रती घेतल्या.

आणि तिथेच दुसरा घोळ बाहेर आला. दाखल्यावर मुलीचं माहेरचं नाव. आधारवर आणि पासपोर्टवर सासरचं. आडनाव बदललं असतं तर एक वेळ समजलं असतं, पण तांदळात नाव लिहून पहिलं नावही बदललेलं! नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही वेगळी. परक्या देशातल्या माणसाने या दोन बाया नसून एकच बाई आहे, हे कशावरून मानावं? त्या मुलीला मी फोनवर विचारलं, ‘‘तुला बदलायचं होतं का गं नाव?’’ ती म्हणाली, ‘‘ताई, मला कुणी विचारलंच नव्हतं.’’

यावर उपाय आहे. प्रतिज्ञापत्र करायचं आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यायचा. अर्ज ऑनलाइन होतो. आम्ही ते केलं, त्यात काही महिने गेले. मग दाखला आणि राजपत्र, दोन्हींवर अपोस्टिल. तोवर तिकडे जावई एकटा आणि इकडे ही, कडेवर पोर घेऊन.

गोव्यात लग्नाच्या नोंदीसाठी नवरा-नवरीने नोंदणी कार्यालयात दोनदा जाऊन सह्या करायच्या असतात. आधी लग्न करायचं म्हणून, आणि काही दिवसांनी पक्कं करायला. आपल्याकडे अजून वाजंत्री, जेवणावळ, व्हिडिओ सगळं होतं आणि नोंद राहते. महाराष्ट्राचा विवाह नोंदणीचा कायदा १९९८चा आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ साली सांगितलं की सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंद झाली पाहिजे. नव्वद दिवसांत करायची असते. पण दिवस उलटले म्हणून घरी बसू नका, उशिराचं शुल्क भरून होते. तीन साक्षीदार, वय आणि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, फोटो आणि लग्न लावणाऱ्या भटजींची किंवा काझींची सही लागते. म्हणून लग्नपत्रिका टाकू नका. बाकी कागदांची यादी कार्यालयात विचारून घ्या.

ज्यांची माणसं आखातात आहेत त्यांच्यासाठी एक वेगळं. कुवेत, कतार, अमिराती यांच्यासाठी अपोस्टिल चालत नाही, त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो. आणि बदलापूरच्या एका ताईंनी विचारलं होतं, मुलाने परदेशातच तिथल्या मुलीशी लग्न केलंय, सुनेला आपलं ओसीआय कार्ड काढायचंय, तर त्यांचा दाखला इथे मुंबईत पाठवू का? नाही. ज्या देशाने कागद दिला, शिक्काही त्याच देशात घ्यायचा. शिवाय नोंद झालेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं, मग अर्ज. आणि ओसीआय म्हणजे पूर्ण नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळू शकते. आपली मुलगी तिकडची नागरिक झाली तर तिला इथला पासपोर्ट परत करावा लागतो, दोन्हीकडचं नागरिकत्व आपल्या कायद्यात नाही. हे मुलीला आधी सांगा, नंतर नको.

काकूंच्या मुलीचे कागद २०२३च्या दिवाळीआधी लिस्बनला गेले. मधल्या काळात मी आमच्या प्रत्येक गटात जाऊन लॅमिनेटचा सल्ला मागे घेतला. आता पुढच्या बैठकीला प्रत्येकीने लग्नाचा दाखला, आधार आणि पासबुक, तिन्ही आणा. तिन्हींवरची नावं आपण शेजारी ठेवून वाचू. ज्यांच्याकडे दाखलाच नाही त्यांनी लग्नपत्रिका आणि फोटो आणा. आणि कागद प्लास्टिकच्या साध्या पिशवीत आणा, उघडणाऱ्या.