चीनला शिकवायला निघालात?

जबलपूरच्या कमानिया गेटखालून आपण रोज जातो-येतो. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची ती आठवण. अध्यक्ष सुभाषबाबू तापानं फणफणलेले, त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं होतं. त्याच सुभाषबाबूंच्या काँग्रेसनं आदल्या वर्षी पाच डॉक्टरांचं पथक चीनला धाडलं होतं. त्यात दोघे मराठी : नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

शांतारामबापूंच्या सिनेमामुळे कोटणीस घरोघरी पोचले ते डॉक्टर म्हणून. ते शिक्षकही होते, हे मागे पडलं. तिकडं ते चिनी शिकले, डॉ. बेथून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत चिनीतूनच शस्त्रक्रिया शिकवू लागले. विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहीत असतानाच डिसेंबर १९४२मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी ते गेले.

आज आपली मुलं चीनला निघतात ती इंग्रजी शिकवायला. आमच्या शेजारची मुलगी परवा तिथल्या नोकरीचं असंच एक पत्र घेऊन आली. एम.ए. इंग्रजी, राइट टाउनमधल्या कोचिंगमध्ये शिकवते, बोलणं खणखणीत. पत्रात पगार युआनमध्ये, राहायला खोली, आणि तळाशी बारीक अक्षरात : व्हिसा 'एम'. म्हणजे व्यापाराचा! 'तिथं पोचल्यावर बदलून देऊ,' असं एजंट म्हणाला होता.

हे 'बदलून देऊ' फार महागात पडतं. चीनमध्ये नोकरीला झेड व्हिसा लागतो. त्याआधी वर्क परमिटचं पत्र मालकानं तिथून काढून पाठवायचं असतं, आणि पोचल्यावर ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा. भाषाशिक्षकानं तर सहसा आपली मातृभाषाच शिकवावी आणि ती जिथं बोलली जाते त्या देशाचं नागरिक असावं, असा नियम आहे. इंग्रजीसाठी ही यादी व्यवहारात सात देशांवर थांबते : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. इंग्रजी शिकवण्याचं १२० तासांचं टेफल प्रमाणपत्र खुशाल मिळवा, पासपोर्ट भारताचाच राहतो.

मला हा नियम अन्यायाचाच वाटतो. व्याकरण शिकवायला जन्मगाव कशाला विचारायचं? पण हा वाद घालायची जागा चिनी पोलिस ठाणं नव्हे. बेकायदा काम करताना सापडलात तर ५ ते २० हजार युआन दंड, प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडी, आणि परत पाठवणी वेगळीच. त्यात जुलै २०२१मध्ये तिथल्या सरकारनं शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर टाच आणली. परदेशी शिक्षकांना हातोहात घेणारे कितीतरी क्लास त्या फटक्यात बसले.

दार अगदीच बंद नाही. फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर इंग्रजीतून शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये भारतीय शिक्षक रीतसर काम करतात. त्या विषयाची पदवी, शिकवण्याचा अनुभव, पोलिसांचा दाखला हवा. मातृभाषा कुणी विचारत नाही.

शेजारच्या मुलीला मी दोन प्रश्न लिहून दिले : झेड व्हिसा का नाही, आणि परमिटवर हुद्दा काय लिहिणार? पहिल्यावर एजंटानं हसून वेळ मारून नेली. दुसऱ्यानंतर फोन उचलणंच बंद केलं. तिनं पैसे अजून भरले नव्हते, हे नशीब.