मासे दर्याचे, बाळंतपण रानात



समुद्रपक्षी म्हटलं की आपल्याला आठवतो खडक, नाहीतर वाळू. आज आम्ही सांगणार आहोत अशा पक्ष्याविषयी, जो पोट भरतो समुद्रावर आणि बाळंतपणाला जातो रानात.

नाव मार्बल्ड मरेलेट. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. लांबीला आपल्या साळुंकीएवढा, अंगाने गुबगुबीत. समुद्रावर तो सगळ्यांच्या ओळखीचा, पण घरटं काही सापडेना. १९७४ साली कॅलिफोर्नियातल्या बिग बेसिन उद्यानात एक कामगार धोक्याच्या फांद्या तोडायला डग्लस फरच्या झाडावर चढला. जमिनीपासून सुमारे ४५ मीटर उंचीवर, शेवाळावर एक पिल्लू बसलेलं! पायाची बोटं बदकासारखी पडद्याने जोडलेली.

घरटं सापडणार कसं? हा पक्षी घरटं बांधतच नाही. शेवाळलेल्या रुंद फांदीवर एकच अंडं घालतो. नर-मादी चोवीस-चोवीस तासांची पाळी लावून ते उबवतात. (पाळी म्हणजे खरीच पाळी, हं!) पिल्लू झालं की समुद्रावरून एकेक मासा चोचीत धरून आणायचा, कधी कधी ५०-६० किलोमीटरवरून. महिनाभरात पिल्लू अंगावरची लव स्वतःच उपटून टाकतं आणि एकटंच थेट समुद्राकडे झेपावतं.

अलास्कात यांतले काही जमिनीवरही अंडी घालतात. खाली दक्षिणेला मात्र जुनं झाडच लागतं. अंडं गडगडू नये इतकी रुंद, शेवाळाची गादी असलेली फांदी यायला झाडाला दीड-दोनशे वर्षं लागतात. तोडलेल्या जागी रोपं लावली म्हणून काय झालं? या पक्ष्याला ती आपल्या पणतवंडांच्या काळात उपयोगी पडणार. रेडवुडची जुनी रानं तर मूळच्या जेमतेम ५ टक्के उरलीत. १९९२मध्ये कॅलिफोर्निया, ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांत पक्ष्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, तेही बरंचसं रान तुटून गेल्यावर.

उरल्यासुरल्या रानात नवाच त्रास. सहलीला आलेली माणसं पाव, बिस्किटं सांडतात. त्यावर कावळे आणि त्यांच्याच कुळातले निळे जे पक्षी जमतात, आणि अंडं दिसलं की तेही फस्त करतात. म्हणून बिग बेसिनमध्ये पाहुण्यांना बजावलं जाई, जेवल्यावर खरकट्याचा कणही मागे ठेवू नका.

२०२०च्या वणव्यात या उद्यानाचं बहुतेक रान होरपळलं. जळक्या रेडवुडला बुंध्यातून पुन्हा पालवी फुटते, तशी ती फुटलीही. डग्लस फरला मात्र फुटत नाही.