निचऱ्याचा हिशेब

२०१३ सालच्या दुष्काळांत पाण्याअभावीं बीड जिल्ह्यांतील परळीचें औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावें लागलें. असा कारखाना पाणी खर्चतो तें मुख्यतः कूलिंग टॉवरांत. तेथें थोडें पाणी वाफ होऊन जातें आणि उरलेलें गार होतें. माठाचें रहस्यही तेंच. हा व्यय अटळ आहे. पण क्षार वाफेबरोबर जात नाहींत. ते मागें राहून दाटतात, म्हणून कांहीं पाणी मुद्दाम सोडून द्यावें लागतें. उधळपट्टी होते ती या निचऱ्यांत.

समजा, १०० भाग पाण्याची वाफ झाली. क्षार तिप्पट दाटतांच निचरा केला, तर ५० भाग जातात. पाण्याच्या गुणानुसार सहापट दाटूं देतां आले, तर केवळ २०. भरतीचें पाणी १५० ऐवजीं १२० भाग पुरतें.

हा हिशेब ठेवण्यास भरती व निचरा या दोन्ही नळांवर प्रवाहमापक हवेत. भरतीच्या स्वच्छ पाण्यास फिरत्या चक्राचा साधा मापक पुरतो. निचऱ्याच्या गढूळ पाण्यांत चक्र अडकतें. तेथें विद्युच्चुंबकीय मापक बरा. त्यांत फिरता भाग नसतो, आणि पाण्यांतून वीज वाहणें त्यास आवश्यक असल्यानें क्षार त्याच्या पथ्यावरच पडतात. मापकाचें आकारमान नळाच्या रुंदीवरून नव्हे, प्रत्यक्ष प्रवाहावरून ठरवावें. आणि तो वळणापासून दूर, नळ सदैव भरलेला राहील अशा जागीं बसवावा.

वांचलेले ३० भाग धरणांत राहिले, तर वैशाखांत ते कोणाच्या तरी घागरींत पडतील.