भांडणाचा वार शनिवार



श्रीरामपूर म्हटलं की आपल्याला आधी नगर जिल्हा आठवतो, मग हुगळीकाठचं दुसरं श्रीरामपूर. मिशनरी विल्यम केरींचं 1805चं मराठी व्याकरण, 1810चा कोश आणि 1811चा मराठी नवा करार त्या दुसऱ्या गावचे. भाषेसाठी केरींना वैजनाथ पंडितांची साथ होती. हे आपल्या सभांत वरचेवर सांगितलं जातं. पण तिथे तीन न जुळणाऱ्या स्वभावांच्या माणसांनी 1800पासून 23 वर्षं एकाच पंगतीला बसून सेवाकार्य केलं. ते कसं जमलं, याकडे मात्र आपलं लक्ष जात नाही.

केरी मूळचे मोची. चिकाटी अफाट, पण कुणाला ‘नाही’ म्हणणं जिवावर यायचं. घरची मुलंही त्यांना फारशी जुमानत नसत. जोशुआ मार्शमन ब्रिस्टलचे शाळामास्तर, वादाला पक्के, काम हाती घेतलं की मागे न हटणारे. विल्यम वॉर्ड डर्बीचे मुद्रक आणि वृत्तपत्राचे संपादक, प्रेमळ, व्यवहारी. केरींचा थोरला मुलगा फेलिक्स वळणावर आला, त्याचं श्रेय बरंचसं वॉर्डना.

अशा तिघांना नुसत्या प्रार्थनेवर सोडून दिलं असतं, तर वर्षभरात तीन मिशनं झाली असती! त्यांनी आल्याआल्या नियम केले. कमाई सामाईक पेटीत: केरींचा फोर्ट विल्यम कॉलेजातला पगार, छापखान्याचं उत्पन्न, जोशुआ आणि हॅना मार्शमन यांच्या शाळांची फी. घराचा कारभार दर महिन्याला वेगळ्या माणसाकडे. आणि शनिवारची संध्याकाळ आपसातले मतभेद मिटवण्यासाठी राखलेली. रुसवा धरायचा तो फार तर शनिवारपर्यंत.

11 मार्च 1812च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. वॉर्ड आत धावले. दारंखिडक्या बंद करून, छतातून पाणी ओतून त्यांनी ती कित्येक तास कोंडून धरली. तेवढ्यात कुणीतरी खिडकी उघडली आणि भडका उडाला. कोलकात्यात असलेल्या केरींना ही बातमी सांगायला दुसऱ्या दिवशी मार्शमन गेले. केरींच्या कोशाची हस्तलिखितं जळाली होती. त्यांना शब्द फुटेना. इकडे वॉर्ड राखेत हात घालून बसलेले. अक्षरांचे पोलादी ठसे शाबूत सापडताच त्यांनी वितळलेल्या शिशातून नवे खिळे पाडायला घेतले. काही आठवड्यांत छपाई सुरू झाली आणि केरी पुन्हा लिहायला बसले. यातल्या एकाचं काम दुसऱ्याला जमलं नसतं, आणि कुणी कुणाला आपल्यासारखं करायलाही गेलं नाही.

1818मध्ये बंगाली साप्ताहिकाचा विषय निघाला, तेव्हा केरींचा विरोध होता. सरकारचा रोष ओढवेल, ही त्यांची धास्ती खोटी नव्हती. मार्शमन हटून बसले, पण तोड त्यांनीच काढली: अंक आणि त्याचं इंग्रजी भाषांतर कोलकात्याच्या अधिकाऱ्यांकडे पाठवू, हरकत आली तर बंद करू. 23 मेला ‘समाचार दर्पण’ निघालं.

इथवर सांगून थांबलं, तर ती स्तुती होईल. त्याच सुमाराला तरुण मिशनरी फुटले आणि त्यांनी कोलकात्यात वेगळी चूल मांडली. त्यांत केरींचा सख्खा पुतण्या युस्टेस होता, आणि वॉर्डच्या छापखान्यातला पीअर्सही. तक्रार मुख्यतः मार्शमनांच्या हुकूमशाहीबद्दल होती, पण दोष एकट्या मार्शमनांचा नव्हे. तिघांनी एकमेकांना सांभाळून घेण्याची रीत बसवली, तिच्यात चौथ्याला शिरकाव राहिला नाही. निर्णय वडीलधाऱ्यांचे, राबणं धाकट्यांचं. वॉर्ड 1823मध्ये पटकीनं गेले, 1827मध्ये श्रीरामपूर आणि इंग्लंडमधली मूळ संस्था यांचीही फारकत झाली.

आपल्या मंडळ्यांत, शाळांत, दवाखान्यांत आज हेच दिसतं. नवा पाळक तडफेनं येतो, जुने पंच त्याला चार वर्षं चटया उचलायला लावतात, आणि तो निघून गेला की ‘आजकालच्या मुलांना दम नाही’ म्हणतात. तेव्हा येत्या वार्षिक सभेत प्रत्येक कमिटीनं दोन ठराव मांडावेत, अशी या पीठावरून विनंती आहे: नव्या सेवकाला पहिल्याच वर्षी एक महिना अध्यक्षाची खुर्ची द्यावी, आणि तक्रारी समोरासमोर मांडायला आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवावी.