राखण कोणाची, जाब कोणाला?

(जुन्नर-आंबेगाव परिसरातील कार्यकर्त्यांपुढे मांडलेल्या विषयाचे शब्दांकन)



‘पोलीस नकोतच, वस्ती आपले आपण पाहून घेईल’, असे जुन्नर किंवा मंचरच्या बाजारात कोणी म्हटले, तर ऐकणारे हसतील. पण पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची वेळ आली की हसणारी हीच माणसे आधी एखाद्या पुढाऱ्याची ओळख शोधू लागतात. ठाण्यावर पुरता विश्वास नाही आणि ठाण्याविना राहण्याची तयारीही नाही, अशी ही अवस्था आहे.

पोलिसांविना राहण्याचा प्रयोग अमेरिकेतील सिअॅटल शहरात २०२० साली झाला. मिनियापोलिसमध्ये २५ मे रोजी पोलिसाच्या गुडघ्याखाली एका कृष्णवर्णीय नागरिकाचा प्राण गेला आणि देशभर संताप उसळला. सिअॅटलच्या कॅपिटॉल हिल भागातील ठाणे ८ जून रोजी पोलिसांनी रिकामे केले, तेव्हा निदर्शकांनी भोवतालच्या काही गल्ल्या ताब्यात घेऊन तेथे पोलिसांना प्रवेश नसल्याचे जाहीर केले. आरंभीचे दिवस उत्सवासारखे गेले. फुकट अन्नछत्र, रस्त्यावरची चित्रे, भाजीचे वाफे, चर्चा. रात्रीच्या पहाऱ्यासाठी मात्र बंदुका घेतलेले स्वयंसेवक उभे राहिले. त्यांना कोणी निवडले नव्हते आणि जाब विचारणारेही कोणी नव्हते. २० जूनला १९ वर्षांचा एक तरुण गोळीबारात मारला गेला. पोलिसांनी जागा सुरक्षित केल्याशिवाय रुग्णसेवेची गाडी आत जाईना. २९ जूनला १६ वर्षांचा मुलगा गेला. दोघेही कृष्णवर्णीय, म्हणजे ज्यांच्या जीवितासाठी हे आंदोलन उभे राहिले त्यांच्यापैकीच. १ जुलै रोजी पोलिसांनी ती वस्ती मोकळी केली.

ही कथा सांगून ‘पाहा, पोलिसांवाचून काय होते’ असे म्हणणे सोपे आहे. पण पोलीस असूनही विश्वास नसला तर काय होते, हे पाहण्यासाठी सातासमुद्रापार जावे लागत नाही. आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरात जांभोरी गावी जावे.

मराठेशाहीत या डोंगरांतील किल्ल्यांची आणि घाटवाटांची राखण महादेव कोळी नाईकांकडे होती. राखणदार त्याच मातीतला आणि राखणीचा मोबदला ठरलेला. १८१८ नंतर इंग्रजांनी ही व्यवस्था मोडीत काढली, नाईकांचे हक्क तोडले. राघोजी भांगरे याचे बंड याच परिस्थितीतून उठले. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले. पुढच्या पिढीत सावकारी कागदाचा फास आवळला. निरक्षर कुळाचा अंगठा, सावकाराचा आकडा, दूरच्या कचेरीतला हुकूमनामा आणि जप्तीला येणाऱ्या बेलिफाच्या पाठीशी सरकारचे शिपाई. कुळाला कायद्याचे जे दर्शन घडे, ते एवढेच.

१८७३ साली जांभोरीच्या होनाजी भागोजी केंगले याने टोळी उभारून सावकारांवर हल्ले सुरू केले. अनेक सावकारांची नाके कापली गेली, कित्येक मोठ्या गावांकडे पळाले. सरकारने १७५ सशस्त्र पोलिसांची खास तुकडी डोंगरात धाडली आणि होनाजीसाठी एक हजार रुपयांचे बक्षीस लावले. त्या काळी ही रक्कम म्हणजे गरीब कुटुंबाचा जन्मभराचा उद्धार. तरीही तो १८७६ च्या जुलैपर्यंत हाती लागला नाही. डोंगराने त्याला लपविले असे म्हणतात, पण डोंगर कोणाला लपवीत नसतो. सावकारांनी या लोकांना नाडले होते, ही कबुली खुद्द इंग्रजांच्या पुणे जिल्हा गॅझेटिअरने दिली आहे.

म्हणून नाक कापणे हा न्याय ठरतो काय? कोणत्या सावकाराची वही खरी आणि कोणाची खोटी, हे कोयता विचारीत नव्हता. होनाजी पोलिसांच्याच हाती लागला. परंतु असंतोषाचे मूळ पोलिसांच्या आवाक्याबाहेर होते. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. नुसत्या कागदावर विसंबू नये, कर्जाचा मागचा सारा हिशेब न्यायालयाने तपासावा, गावपातळीवर तडजोड घडविणारे आणि दस्त नोंदविणारे नेमावेत, अशा तरतुदी त्यात आल्या. जी चौकशी आधी व्हायला हवी होती, तिला बंड आणि दंगल दोन्ही लागली.

पोलिसांविना कारभाराचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा अनुभव सातारच्या प्रतिसरकारचा. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात शेकडो गावांत इंग्रजी अंमल नावापुरता उरला. भूमिगतांच्या मागे पोलीस लागले असताना गुंडांना मोकळे रान मिळाले होते. त्यामुळे प्रतिसरकारला आरंभीच दरोडेखोरांचा बंदोबस्त करावा लागला. मग न्यायदान मंडळे आली, तुफान सेना आली, दारूबंदी आली, कमी खर्चाची लग्ने लागली. हे सारे टिकले, कारण कार्यकर्ता गावाच्या ओळखीचा होता आणि त्याचे चारित्र्य रोज डोळ्यांसमोर होते. मात्र तळपायांवर काठीचे फटके देण्याची शिक्षाही याच कारभाराचा भाग होती. चुकीच्या माणसाला फटके बसले तर त्याने दाद कोठे मागायची? देशभक्तांच्या हातची काठी म्हणून हा प्रश्न टाळता येत नाही. १९४६ मध्ये लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, भूमिगत मंडळी प्रकट झाली आणि तो समांतर कारभार थांबला. सत्ता हाती असताना ती अशी खाली ठेवणारे विरळाच.

अगदी अलीकडे, २०२५ च्या नोव्हेंबरात, आंबेगावच्या सीमेलगत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे बिबट्याच्या हल्ल्यात १३ वर्षांचा मुलगा दगावला. परिसरातला तीन आठवड्यांतला हा तिसरा बळी होता. लोकांनी वनखात्याचे वाहन पेटविले, मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखला. ज्या घरातले लेकरू गेले त्याला संयमाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण ज्या खात्याकडून पिंजरे हवेत त्याच्याच वाहनाला आग लावावी लागते, यावरून माणसे किती हताश झाली होती ते कळते. खाते वेगळे असले तरी आपल्या हाकेला कोणी धावत नाही ही भावना जुनीच.

उपाय नाहीत असे नाही. वतनाची पाटीलकी गेल्यावर १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे पद ठेवले. त्याची नेमणूक प्रांताधिकारी करतात आणि तो माणूस गावातलाच असतो. १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आली. पुरस्काराची रक्कम मिळाली की समितीचा उत्साह सरतो, असे अनेक ठिकाणी दिसले, तो भाग निराळा. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास ती नोंदविलीच पाहिजे, हे २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात ठरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनुसार ठाण्याची हद्द कोणतीही असो, खबर घ्यावीच लागते. यातले किती गावच्या चावडीवर कोणी वाचून दाखविले?

रात्रीच्या गस्तीसाठी ग्रामसुरक्षा दल हवे, यावर दुमत नाही. परंतु शिट्टी आणि काठी हाती घेणाऱ्या तरुणांची नावे ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत दोन्हीकडे नोंदलेली असावीत. चोर समजून वाटसरूला झोडपणारी गस्त सिअॅटलच्या बंदुकवाल्यांहून फार दूर नसते. आणि ठाण्याकडूनही हिशेब हवा. बीट अंमलदाराने वर्षातून दोनदा ग्रामसभेत यावे, गावातून किती तक्रारी आल्या, किती नोंदल्या, किती तपासात आहेत, हे उभे राहून सांगावे, लोकांनी प्रश्न विचारावेत. त्याला बोलावणारा ठराव जुन्नर-आंबेगावातल्या किती ग्रामसभांनी केला आहे, याची चौकशी येत्या महिन्यात प्रत्येकाने आपापल्या गावी करावी.