नव्या अध्यापकांची शिदोरी

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली; तिच्या लगतचे अर्जुननगर, जेथे देवचंद महाविद्यालय आहे, ते मात्र महाराष्ट्रात राहिले. महाविद्यालयात शिकवू इच्छिणाऱ्या येथील तरुणास ही हद्द आजही आडवी येते. महाराष्ट्राची ‘सेट’ परीक्षा अर्जुननगरास चालते, बेळगावास नाही. कारण २००२ पासून ती त्या राज्यापुरतीच ग्राह्य आहे. ‘नेट’ सर्व देशात चालते. तीत वरचे गुण मिळविणाऱ्यांस संशोधनासाठी वृत्ती मिळते. २०२३ पासून ती पहिली २ वर्षे दरमहा ३७,००० रुपये आहे. परंतु ती थोड्यांच्याच वाट्यास येते. उरलेल्यांच्या ग्रंथांचा व मार्गदर्शनाचा भार सीमाभागातील शिक्षणसंस्थांनी उचलावा. शिकविणारे सिद्ध झाले, तरच शिकणाऱ्यांची सोय होईल.