मुष्टियोद्ध्याची कीर्ती आणि मुष्टियुद्धाचा प्रसार



दिनांक १९ मे २०२२ रोजी तुर्कस्तानातील इस्तंबूल येथे महिलांच्या जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धेत निजामाबादच्या निखत झरीन यांनी ५२ किलो वजनगटाची अंतिम लढत जिंकली. थायलंडच्या जितपाँग जुतामास यांच्याविरुद्ध पाचही पंचांनी निखत यांच्या बाजूने कौल दिला. निजामाबाद हे आदिलाबादकरांना परके गाव नव्हे. निर्मल सोडून गोदावरी ओलांडली की तो जिल्हा लागतो. त्या दिवसानंतर बेला, जैनद, तामसी अशा सीमेवरील मंडलांतही निखत यांचे नाव घरोघरी पोहोचले. अनेक शाळांच्या भिंतींवर त्यांचे छायाचित्र लागले.

ह्या आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर शोधणे हाच ह्या व्याख्यानाचा हेतू आहे. एखाद्या मुष्टियोद्ध्याला कीर्ती मिळाली म्हणजे मुष्टियुद्ध हा खेळ लोकांचा होतो काय? की लोक नाव तेवढे लक्षात ठेवतात आणि खेळ होता तेथेच राहतो?

प्रथम कीर्तीच्या बाजूने जे म्हणता येते ते म्हटले पाहिजे. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत मणिपूरच्या डिंको सिंग यांनी सुवर्णपदक मिळविले. ते यश पाहून त्याच राज्यातील एका शेतमजुराच्या मुलीने मुष्टियुद्धाकडे वळावयाचे ठरविले. ती मुलगी म्हणजे मेरी कोम. पुढे त्यांनी २००२ ते २०१८ ह्या काळात सहा वेळा जागतिक अजिंक्यपद मिळविले. महिलांच्या मुष्टियुद्धाला ऑलिंपिकमध्ये प्रथम स्थान मिळाले ते २०१२ साली, लंडन येथे. आणि त्याच स्पर्धेत मेरी कोम यांनी कांस्यपदक जिंकले. एका पदकातून दुसरी खेळाडू उभी राहिली, हे येथे स्पष्ट दिसते. मात्र डिंको सिंग यांचे यश पाहून घराबाहेर पडलेल्या त्या मुलीला इंफाळमध्ये शिकविणारे गुरू भेटले, ही गोष्ट विसरता येत नाही. गुरू भेटले नसते तर ती इच्छा मनातल्या मनातच विरली असती.

निखत यांची स्वतःची हकीगत हेच सांगते. त्या आधी धावण्याचा सराव करीत असत. वडील स्वतः खेळाडू होते व मुलीला मैदानावर नेत असत. तेथे मुलगे मुष्टियुद्ध खेळताना दिसत, मुली मात्र दिसत नसत. हा खेळ फक्त मुलांचाच आहे काय, असे त्यांनी वडिलांना विचारले आणि वडिलांनी त्यांना ह्या खेळात आणले. निजामाबादेत शम्सुद्दीन ह्या प्रशिक्षकांनी त्यांना प्रारंभीचे धडे दिले. त्यानंतर त्या विशाखापट्टणमला गेल्या आणि २०११ साली तुर्कस्तानातच, अंताल्या येथे, कनिष्ठ गटाच्या जगज्जेत्या झाल्या. ह्याच प्रशिक्षकांचे चिरंजीव महंमद हुसामुद्दीन यांनी २०१८ व २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत आणि २०२३ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदके मिळविली. एका मध्यम आकाराच्या शहरातून जागतिक दर्जाचे दोन मुष्टियोद्धे निघाले. त्यांचे शिक्षण सुरू झाले त्या वेळी निजामाबादला ह्या खेळात कोणतीही कीर्ती लाभलेली नव्हती. मैदान होते, शिकविणारा मनुष्य होता आणि मुलीला सोबत घेऊन जाणारे वडील होते. कीर्ती मागाहून आली.

आता दुसरी बाजू पाहू. मराठी माणसाला ह्या बाबतीत खाशाबा जाधव यांचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावच्या ह्या मल्लाने १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परत आल्यावर बैलगाड्यांच्या लांबच लांब मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. कुस्ती तर महाराष्ट्रात आधीपासूनच लोकप्रिय होती. गावोगाव तालमी होत्या, जत्रेत फड भरत होते. तरीही कुस्तीतील पुढचे ऑलिंपिक पदक भारताला मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले आणि महाराष्ट्राच्या वाट्याला दुसरे वैयक्तिक पदक आले ते तब्बल ७२ वर्षांनी, २०२४ साली, नेमबाज स्वप्निल कुसाळे यांच्या रूपाने. जत्रेतील कुस्ती मातीवर होते, ऑलिंपिकची कुस्ती गादीवर होते. मातीतल्या मुलाला गादीपर्यंत नेणारी वाट मिरवणुकीने तयार झाली नाही. खाशाबांना स्वतःला अर्जुन पुरस्कार मिळाला तोही त्यांच्या मृत्यूनंतर.

ह्याच्या उलट हरियानातील भिवानी हे गाव पाहण्यासारखे आहे. तेथील हवासिंग यांनी १९६६ व १९७० अशा दोन्ही आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले. निवृत्तीनंतर ते मुलांना शिकविण्यात रमले. पुढे २००३ साली जगदीशसिंग यांनी तेथे मुष्टियुद्धाचे स्वतंत्र केंद्र काढले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला भारताचे पाच मुष्टियोद्धे गेले, त्यांपैकी चार भिवानीचे होते. आणि त्यांतील विजेंदरसिंग यांनी भारताला मुष्टियुद्धातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूल येथे ५७ किलो गटात जगज्जेत्या ठरलेल्या जास्मिन लंबोरिया ह्याही भिवानीच्याच, हवासिंग यांच्या घराण्यातील. साठ वर्षांची ही परंपरा एका पदकाच्या गाजावाजावर टिकलेली नाही. पदक मिळविणारा मनुष्य गावातच राहिला आणि त्याने पुढच्या पिढीच्या हातात मोजे चढविले, म्हणून ती टिकली.

ह्या सर्व उदाहरणांवरून एक निष्कर्ष निघतो. कीर्तीमुळे मुलांच्या मनात इच्छा उत्पन्न होते. परंतु त्या इच्छेला चालता येईल इतक्या अंतरावर शिकविणारा भेटला नाही, तर ती एका हंगामात मावळते. आदिलाबादच्या कापूस उत्पादकाला हे समजावून सांगावयास नको. कापसाला भाव चढला म्हणून रान आपोआप पेरले जात नाही. वेळेवर बी, खत आणि पाऊस मिळाला तरच चढलेल्या भावाचा लाभ पदरात पडतो. निखत यांना २०२२ साली तेलंगणा शासनाने दोन कोटी रुपये व निवासी भूखंड दिला आणि २०२४ साली पोलीस उपअधीक्षकपदी नियुक्त केले. हा गौरव सर्वथा योग्य आहे. पण बक्षीस हा तयार पिकाचा भाव आहे. दहा वर्षांच्या मुलीसाठी लागणारे मोजे, दूध आणि प्रशिक्षक हा बियाण्याचा खर्च आहे, व तो निराळा करावा लागतो.

खेळ एकाच नावावर उभा राहिला तर आणखी एक धोका संभवतो. खेळात हारजीत अटळ आहे. निखत यांनी २०२३ साली नवी दिल्ली येथे पुन्हा जागतिक अजिंक्यपद मिळविले. पण १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या वू यू यांच्याकडून त्या दुसऱ्याच लढतीत पराभूत झाल्या. भारताला त्या ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाचे एकही पदक मिळाले नाही. ज्यांनी फक्त पदकाकडे डोळे लावले होते त्यांचे लक्ष दुसरीकडे गेले. ज्यांच्या घरातील मूल सायंकाळी सरावाला जाते, त्यांचे लक्ष असे उडून जात नाही. लोकप्रियता मोजावयाची ती अशा घरांच्या संख्येने.

क्रिकेट आपल्याकडे रुजले त्याचे कारणही हेच आहे. तो खेळ प्रत्येकाने गल्लीत, फळी घेऊन का होईना, खेळलेला असतो. म्हणून फलंदाज कोठे चुकला हे प्रेक्षकाला कळते. मुष्टियुद्धाचे तसे नाही. अंतिम लढत पाहणाऱ्या दहा जणांपैकी किती जणांना गुण कसे मिळतात हे सांगता येईल? वास्तविक नियम अवघड नाहीत. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात. पाच पंच प्रत्येक फेरीत सरस ठरलेल्या खेळाडूला दहा गुण देतात व दुसऱ्याला त्याहून कमी. ठोसा मोजे घातलेल्या हाताच्या पुढच्या भागाने, कमरेच्या वर, समोरून वा बाजूने बसला तरच ग्राह्य धरला जातो. शारीरिक शिक्षणाच्या एका तासिकेत शाळेला हे समजावून देता येईल. ज्याला खेळ समजतो तोच विजेता हरल्यानंतरही तो खेळ पाहतो.

कीर्तीसंबंधी अधिकारीवर्गाने ध्यानी घ्यावी अशी एक घटना आहे. २०१९ साली टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेसाठी मेरी कोम यांना त्यांच्या पूर्वीच्या कामगिरीवरून सरळ पाठविण्याचा विचार पुढे आला. तरुण निखत यांनी केंद्रीय क्रीडामंत्र्यांना पत्र लिहून निवड चाचणीची मागणी केली. डिसेंबर २०१९ मध्ये दिल्लीत ती चाचणी झाली आणि मेरी कोम यांनी ती ९-१ अशी जिंकली. निखत हरल्या, पण खेळ जिंकला. कारण निवड कीर्तीवरून न होता रिंगणात झाली. अडीच वर्षांनी त्याच निखत जगज्जेत्या झाल्या. तालुक्याची निवड असो वा राज्याची, नियम नावापेक्षा मोठा राहिला तरच नवे मूल पुढे येण्याचे धाडस करते.

आता आपल्या भागाकडे वळू. मुठीचा खेळ येथील मातीला अगदीच अनोळखी नाही. निजामाबाद जिल्ह्यातील हुन्सा ह्या गावी होळीच्या दिवशी गावकरी दोन बाजूंना उभे राहतात, मध्ये दोर धरतात आणि एकमेकांवर ठोसे लगावतात. तेलुगूत त्यास पिडिगुद्दुलाट म्हणतात. परंपरा म्हणून तिची गंमत वाटते. मात्र तेथे मोजे नाहीत, वजनगट नाहीत, पंच नाहीत. मुष्टियुद्ध ज्या क्षणी नियम आणि संरक्षण स्वीकारते त्या क्षणी ते खेळ होते, एरवी ती मारामारीच. आपल्या सीमेवरील मराठी गावांत जत्रेच्या कुस्त्या हौसेने पाहिल्या जातात. ज्या गावाला कुस्तीतील डाव-प्रतिडावाची पारख आहे, त्या गावाला मुष्टियुद्धाची पारख येण्यास फार काळ लागणार नाही.

शिक्षकांना करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यासाठी मोठ्या इमारतीची गरज नाही. दोरीवरच्या उड्या, पायांची हालचाल, धावणे, वाळूच्या पोत्यावर सराव, एवढ्यावर पहिले वर्ष निघते. लहान मुलांना एकमेकांच्या डोक्यावर ठोसे मारू देऊ नयेत. जोडीचा सराव प्रशिक्षित मार्गदर्शक, शिरस्त्राण, दातांचे संरक्षक आणि वैद्यकीय तपासणी ह्यांच्याशिवाय घेऊ नये. ठोसा लागून चक्कर आली, ओकारी झाली वा विसर पडू लागला, तर त्या मुलाचा सराव तत्काळ थांबवून त्यास डॉक्टरकडे न्यावे. वजन घटविण्यासाठी मुलांना उपाशी ठेवणे हा गुन्हाच समजावा. आदिलाबाद येथे शासनाची निवासी क्रीडाशाळा आहे. चौथ्या इयत्तेत प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्यांची माहिती दूरच्या मराठी शाळांपर्यंत व आदिवासी गुड्यांपर्यंत वेळेवर आणि मराठीत पोहोचली, तर कितीतरी मुलांचे एक वर्ष वाचेल.

ग्रामस्थांची अडचण निराळी आहे, तीही खरी आहे. मुलीच्या चेहऱ्याला इजा झाली तर तिचे लग्न कसे होईल, ही चिंता निखत यांच्या आईलाही वाटली होती. ही चिंता हसून उडवून देऊ नये. मैदान गावाच्या नजरेसमोर असावे, सरावाची वेळ उजेडाची असावी, शक्य तेथे शिक्षिकेची उपस्थिती असावी. एवढी व्यवस्था झाली म्हणजे आईबापांचा विरोध बराचसा मावळतो. व्यवस्था न करता केवळ जगज्जेतीचे उदाहरण देत राहणे म्हणजे त्यांच्यावर दडपण आणणे होय.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे. मुष्टियोद्ध्याच्या कीर्तीने खेळाला साहाय्य होते, पण फार थोडा काळ. भिंतीवर छायाचित्र लागल्यापासून ते जुने होईपर्यंतच्या एकदोन वर्षांत ज्या गावाने शिकविणारा मनुष्य उभा केला, त्या गावात खेळ राहतो. इतर ठिकाणी छायाचित्र तेवढे राहते. लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धाचा समावेश कायम आहे. परंतु बेला मंडलातील एखाद्या मुलीने त्या छायाचित्राकडे पाहून उद्या आपल्या शिक्षकांना प्रश्न विचारला, तर तिला २०२८ ची वाट पाहावयास लावता कामा नये. तिच्या प्रश्नाला त्याच सायंकाळी मैदानावर उत्तर मिळावे, एवढी तयारी शाळा, पंचायत आणि क्रीडा खाते ह्यांनी एकत्र बसून करावी, अशी विनंती आहे.